क्लाउड आर्किटेक्ट व्हायचंय? आधी पाया, मग प्रमाणपत्र

“सहा महिन्यांचा कोर्स केला की मुलगा क्लाउड आर्किटेक्ट होईल ना?” बारावी झालेल्या किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुलांचे पालक हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. हातात एखाद्या क्लासचं माहितीपत्रक असतं आणि फी भरायची मुदत संपत आलेली असते. म्हणून उत्तर आधीच सांगते: नाही होणार. आर्किटेक्ट हे पहिल्या नोकरीचं पदच नव्हे. बरीच वर्षं प्रत्यक्ष काम केल्यावर माणसं तिथे पोहोचतात. पण त्या वाटेवरची पहिली नोकरी मिळण्याइतकी तयारी शिकता शिकता होऊ शकते, आणि त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

आधी एक घोळ दूर करू. इमारतींचा आर्किटेक्ट व्हायचं तर पाच वर्षांचं बी.आर्क. आणि काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. 1972च्या कायद्याने ते पद राखलेलं आहे. क्लाउड आर्किटेक्टसाठी असा कायदा नाही, परिषद नाही, ठरलेली पदवीही नाही. त्यामुळे बीसीए, बी.एस्सी. आयटी, संगणकाची पदविका, एवढंच काय मेकॅनिकल केलेली मुलंसुद्धा या क्षेत्रात येतात. पण त्याच कारणाने कुणीही चार महिन्यांत ‘क्लाउड आर्किटेक्ट’ असं प्रमाणपत्र छापून हातात ठेवू शकतं. पारख तुम्हालाच करावी लागते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले संगणक, साठवण आणि डेटाबेस हवे तेव्हा, हवे तेवढे भाड्याने घेणं. ॲमेझॉनने 2006 मध्ये हा धंदा सुरू केला. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून अझुरची सेवा सुरू केली, 2016 मध्ये ॲमेझॉनची सेवा मुंबईतून सुरू झाली, पुढच्याच वर्षी गूगलचीही. पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बजावलं. तेव्हा हे काम फक्त परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळीत करायचं, ही समजूत आता जुनी झाली.

यात आर्किटेक्ट नेमकं काय करतो? दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. दरवर्षी 15 लाखांहून अधिक मुलं आणि त्यांचे नातेवाईक ठरलेल्या वेळी एकदम संकेतस्थळ उघडतात. दोन-तीन तास प्रचंड गर्दी, उरलेलं वर्षभर शुकशुकाट. एवढ्यासाठी सर्व्हर विकत घेऊन ठेवणं म्हणजे पैसा पाण्यात. भाड्याने घेतले तर त्या दिवसापुरते वाढवता येतात. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण सर्व्हर पन्नास केले आणि सगळे एकाच डेटाबेसला विचारत राहिले, तर तो डेटाबेस कोलमडणारच. चांगला आर्किटेक्ट इथे थांबून विचारतो: जाहीर झालेला निकाल क्षणाक्षणाला बदलतो का? बदलत नाही. मग प्रत्येक वेळी डेटाबेसकडे जायचंच कशाला? प्रत्येक बैठक क्रमांकाचं पान आदल्या रात्रीच तयार करून, कडेकोट बंदोबस्तात ठेवून, ठरलेल्या वेळी ठिकठिकाणच्या सर्व्हरवर खुलं करता येईल. गर्दी तेवढीच, पण काम उरतं फक्त तयार पान वाचून दाखवण्याचं. खर्चही घटतो. हा विचार सुचणं हेच खरं कौशल्य, आणि ते कुठल्याही कंपनीच्या सेवांची यादी पाठ करून येत नाही.

दुसरं उदाहरण क्रिकेटचं. 10 जुलै 2019, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख लोक सामना पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि लोक भराभर बाहेर पडू लागले. सगळ्यांना वाटतं, गर्दी ओसरली की सर्व्हरचं ओझं हलकं होतं. पण सामना बंद करणारा माणूस ‘मागे’चं बटण दाबतो आणि ॲपच्या मुखपृष्ठावर येतो. तिथे त्याच्यासाठी शिफारशी, यादी, चित्रं असं सगळं नव्याने मागवलं जातं. म्हणजे प्रेक्षक जाताना व्हिडिओचा भार उतरतो आणि मुखपृष्ठ पुरवणाऱ्या सेवांवरचा भार एकदम चढतो. त्या कंपनीच्या अभियंत्यांनी हे जाहीर व्याख्यानात समजावून सांगितलेलं आहे आणि ते यूट्यूबवर मोफत पाहता येतं. महागड्या क्लासच्या आधी मुलांनी ते जरूर पाहावं.

अशा अडचणी जगभर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांवरची कसोटीला उतरलेली उत्तरं नोंदवून ठेवलेली आहेत. त्यांना डिझाइन पॅटर्न म्हणतात. 1994 मध्ये चार लेखकांनी सॉफ्टवेअरमधले 23 पॅटर्न एका पुस्तकात मांडले, तेव्हापासून हा शब्द रुळला. क्लाउडचे पॅटर्न वेगळे. मायक्रोसॉफ्टने त्यांची मोठी सूची संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे.

क्लाउडचे असे तीन पॅटर्न एकाच प्रसंगात दाखवते. परीक्षेची फी भरायची आहे. मोबाइलवरचं ॲप महाविद्यालयाच्या सर्व्हरला विचारतं, तो सर्व्हर पेमेंटच्या सेवेला, ती सेवा बँकेला. बँकेचं उत्तर यायला उशीर झाला. ॲप, सर्व्हर आणि पेमेंट सेवा या तिन्ही ठिकाणी कुणीतरी लिहून ठेवलंय: उत्तर आलं नाही तर एकूण तीनदा प्रयत्न कर. आता एका मुलीने एकदाच बटण दाबलं तरी बँकेपर्यंत तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे 27 विनंत्या जाऊ शकतात. आधीच दमलेली यंत्रणा आपणच आडवी पाडतो.

यावर पहिला उपाय, पुन्हा प्रयत्न एकाच ठिकाणाहून करायचा आणि दर वेळी थांबायचा अवधी वाढवत न्यायचा: एक सेकंद, दोन, चार. त्यातही थोडा मागेपुढे फरक ठेवायचा, म्हणजे हजारो मोबाइल एकाच क्षणी परत तुटून पडत नाहीत. दुसरा, सर्किट ब्रेकर. घरातला एमसीबी जसा पडतो, तसा सततचा बिघाड दिसताच हा विनंत्या पाठवणं काही काळ थांबवतो, मग एखाद-दुसरी पाठवून चाचपतो. मायकल नायगार्ड यांच्या 2007च्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकामुळे तो सर्वतोमुखी झाला. तिसरा, आयडेम्पोटन्सी. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तीच विनंती दहा वेळा पोहोचली तरी पैसे एकदाच कापले जायला हवेत. ‘पैसे दोनदा गेले’ म्हणून हेलपाटे घातलेल्या पालकाला या पॅटर्नची किंमत वेगळी सांगायला नको.

मग शिकायचं कसं? पाया आधी. लिनक्स, नेटवर्किंग, डेटाबेस आणि पायथॉन किंवा जावा यांपैकी एक भाषा. आयपी पत्ता, सबनेट, डीएनएस हे कळत नसेल तर क्लाउडवरचं निम्मं शिक्षण डोक्यावरून जातं. पदवीच्या अभ्यासक्रमात यातलं बरंच असतं. मुलं ते पासापुरतं वाचतात, हीच अडचण आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्लाउडचे अभ्यासक्रम मोफत आहेत, फी फक्त परीक्षेला आणि तीही माफक. शिस्तीत, पूर्ण वेळ शिकायचं असेल तर पदवीनंतर सी-डॅकचे सहा महिन्यांचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत. त्यांना प्रवेश परीक्षा असते आणि मेहनत कसून करून घेतात.

त्यानंतर एकच क्लाउड निवडा. तिन्हींच्या मागे धावू नका, एक नीट आलं की दुसरं लवकर येतं. ॲमेझॉनची ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ ही परीक्षा सर्वांत प्रचलित. 65 प्रश्न, 130 मिनिटं, 1000 पैकी 720 गुणांना उत्तीर्ण, फी 150 डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नावात आर्किटेक्ट असलं तरी ती पास होणं म्हणजे आर्किटेक्ट होणं नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना या परीक्षेत 30 मिनिटं जादा मिळतात. मात्र परीक्षेची तारीख नोंदवण्याआधी तशी विनंती करावी लागते. अनेकांना हे माहीतच नसतं.

पाठ केलेल्या प्रश्नसंचांवर पास झालेला मुलगा मुलाखतीत लगेच उघडा पडतो. “हा डेटाबेस का निवडलास? महिन्याचा खर्च किती येईल? हा भाग बंद पडला तर काय होईल?” एवढे तीन प्रश्न पुरतात. म्हणून स्वतःचा एक प्रकल्प हवाच. गावातल्या वाचनालयाची पुस्तक-नोंदणी घ्या किंवा दूध संस्थेच्या रोजच्या संकलनाचा हिशेब घ्या. तो क्लाउडवर चढवा, मुद्दाम एक सर्व्हर बंद करा, काय तुटलं ते पाहा, दुरुस्त करा आणि प्रत्येक निर्णयामागचं कारण दोन पानांत लिहून ठेवा. ती दोन पानं मुलाखतीत प्रमाणपत्राहून जड भरतात.

सराव करताना बिलाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. वडिलांचं क्रेडिट कार्ड जोडून सुरू केलेला सर्व्हर बंद करायला विसरलं, की मीटर चालूच राहतं. खात्याची गुप्त की चुकून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, सर्वांसमोर गेली, तर परके लोक तुमच्या नावावर सर्व्हर चालवतात. पहिल्याच दिवशी मुख्य खात्याला दुहेरी सुरक्षा लावा आणि खर्चाच्या मर्यादेची सूचना ईमेलवर येईल अशी सोय करा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अझुर कार्डाशिवाय 100 डॉलरपर्यंतचा वापर मोफत देतं. सुरुवात तिथून केलेली बरी.

क्लास लावायचाच असेल तर पालकांनी जाऊन एक तास बसावं. शिक्षक पडद्यावर नुसती बटणं दाखवतो, की मुलांना फळ्यावर रचना काढायला लावून ‘असंच का?’ विचारतो, हे संगणकाचं ओ का ठो कळत नसलेल्यालाही समजतं. शिकवणाऱ्याने स्वतः कुठे काम केलं आहे ते विचारा. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असेल तर ती लेखी मागा, फी परत मिळण्याच्या अटी वाचा. हमीवर बोट ठेवताच विषय बदलणाऱ्याकडे पैसे भरू नका.

पहिली नोकरी सपोर्ट इंजिनिअर, सिस्टीम ॲडमिन, डेव्हलपर किंवा डेव्हऑप्समधली असेल. रात्री दोनला फोन येईल, बंद पडलेली सेवा उठवावी लागेल. आईवडिलांना वाटतं, एवढं शिकून हे काय काम? पण पॅटर्न अंगी मुरतात ते इथेच. आणि एआय हे सगळं खाऊन टाकेल का, ही भीती रास्त असली तरी अपुरी आहे. सर्व्हर उभे करणारा कोड एआय आजच लिहून देतो. तो कोड बरोबर आहे का, परवडणारा आहे का आणि चुकला तर जबाबदार कोण, हे ठरवायला पाया पक्का असलेलंच माणूस लागणार. वरवर शिकलेल्यांची जागा जाईल, हे मात्र खरं.

तेव्हा फी भरण्याची घाई करू नका. मुलाला किंवा मुलीला एक महिना द्या, मोफत साहित्य आणि घरातला आहे तो लॅपटॉप द्या. महिनाभरात एखादं छोटं संकेतस्थळ क्लाउडवर चालवून, ते बंद पाडून आणि पुन्हा उभं करून दाखवलं, तर पुढच्या खर्चाचा विचार जरूर करा. नाही जमलं, मन लागलं नाही, तर संगणकातच इतर वाटा पुष्कळ आहेत, आणि तुमचे लाख-दीड लाख रुपये खात्यात शाबूत आहेत.