पहिली कमाई, पण रीतसर

अगं, सोळा वर्षांचा लेक 'सुट्टीत काम करतो, मला माझे पैसे हवेत' म्हणाला, तर त्यात एवढं घाबरायचं काय? चांगलंच आहे ते. फक्त त्याला कामावर घेतो म्हणणाऱ्या इथल्या दुकानदाराला होकार देऊ नकोस.

बघ, लेक इथे ओमानमध्ये बापाच्या आधारावर आलेला. फॅमिली जॉइनिंगच्या बतक्यावर, म्हणजे रहिवासी कार्डावर, पगारी काम चालत नाही, दिवसाचे दोन तास असले तरी नाही. ओमानमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही, आणि वय बसलं तरी परवाना लागतोच. खरं सांगू का, मीही चुकले होते. थोरल्याला ओळखीच्या दुकानात रोज तीन रियालवर पाठवायचं कबूल करून बसले. ह्यांनी कंपनीच्या पीआरओला विचारलं, तर तो म्हणाला, पोरगा सापडला तर बापही अडचणीत येईल. रात्रभर डोळा लागला नाही गं.

पगाराचंही ऐक. 325 रियालचा किमान पगार ओमानी नागरिकांसाठी आहे. आपल्यासाठी ओमानच्या कायद्यात असा आकडाच नाही, देणारा देईल तेवढेच.

म्हणून जून-जुलैत त्याला भारतात तुझ्या दादाच्या दुकानात पाठव. आपल्याकडे चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला धोक्याचं नसलेलं काम करता येतं. सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, सगळं मिळून सहा तासांत आटपायचं, आणि संध्याकाळी सातनंतर काम नाही, असा कायदाच आहे. मामाचं दुकान असलं तरी हे पाळायला सांग. रोज किती देणार, तेही आधीच ठरव. मामा आहे म्हणून फुकट राबवून घेणं नको आणि भाचा आहे म्हणून लाडाची खिरापतही नको.

दिवसाचे दोनशे रुपये मिळाले की तो म्हणेल, 'हे तर एक रियालसुद्धा नाही!' तेव्हा रागावू नकोस. इथे ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, एवढा जाळ असतो. त्या उन्हातून बाबा एक रियाल कसा मिळवतात, ते त्याला शांतपणे सांग. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकले. शेतात राबून फी भरल्याचं ते आम्हाला अभिमानाने सांगायचे.

तू हे नीट निभावशील, मला माहीत आहे. आज रात्रीच दादाला फोन कर, आणि शुक्रवारी लेकाला घेऊन जेवायला ये.