हत्याराचे पाणी

बाजारात दोन पटाश्या शेजारी शेजारी मांडल्या, तर नवख्या माणसाला त्यांतील भेद सहसा कळत नाही. दोन्हींची पाती चकाकतात, दोन्हींच्या मुठी गुळगुळीत असतात. एकीवर मात्र नामांकित कारखान्याची मुद्रा उमटविलेली असते आणि तिची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. ज्याचे पोट या हत्यारावर चालायचे, त्या होतकरू सुताराने पहिली पटाशी घेताना गाठीचे पैसे कशावर खर्चावेत? नुसत्या नावाचे पैसे घेतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही.

पटाशीचा मुख्य गुण डोळ्यांना दिसतच नाही. पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडविले, की ते अत्यंत कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते घासून उजळ करतात आणि पुन्हा बेताने तापवितात. तेव्हा त्यावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा असे रंग चढत जातात. पटाशीसाठी पिवळ्या रंगावर थांबावे लागते; स्प्रिंगसाठी निळ्यापर्यंत जावे लागते. यालाच हत्याराला पाणी देणे म्हणतात. थांबायला उशीर झाला, तर धार मऊ पडते. घाई झाली, तर तिचे टवके उडतात. ही काळजी जेथे टाळली जाते, तेथे हत्यार स्वस्त पडते. असली पटाशी सागवानात ठीक चालते, पण बाभळीची गाठ आली की तिची धार वळते. मग जोर लावावा लागतो, आणि जोराने रेटलेली बोथट पटाशी निसटून हातात शिरते.

मुद्रा ही या न दिसणाऱ्या गुणाची हमी होय. इंग्लंडमधील शेफील्ड शहर चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. तेथील कारागिरांच्या मुद्रांची व्यवस्था पाहण्यासाठी १६२४ साली कायद्याने एक संघ स्थापन झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील काही कारखानदार आपल्या हलक्या मालावर शेफील्डचे नाव घालून तो विकू लागले. त्याला आळा घालण्यासाठी ब्रिटनने १८८७ साली कायदा केला, आणि जर्मन मालावर ‘जर्मनीत तयार झालेला’ असे शब्द दिसू लागले. गंमत अशी, की जर्मन माल सुधारत गेला आणि कमीपणाची ती खूण पाहूनच गिऱ्हाइके माल घेऊ लागली!

सर्वच हत्यारांना इतके पाणी लागत नाही. ओळंब्याला वजन आणि दोरी असली की पुरे. वर्षातून दोन खिळे ठोकणाऱ्या घरात साधा हातोडाही पिढीभर टिकतो. पान्याचे तसे नाही. हलक्या पान्याचा जबडा फाकतो आणि नटाचे कोपरे झिजतात. आणि निसण्यावर कधी न घासलेली महागडी पटाशी स्वस्त पटाशीइतकीच निरुपयोगी असते.

जुन्या बाजारात अनुभवी सुतार गंजलेली, बिनमुठीची पटाशी उचलतो. तिच्यावरची मुद्रा केव्हाच पुसून गेलेली असते. तो खिशातली कानस काढून धारेजवळ एकदा ओढतो. कानस सहज रुतली, तर पटाशी खाली ठेवतो; काचेवरून घसरावी तशी घसरली, तर किंमत विचारतो.