राखणीला बसलेल्यालाच ऊन लागतं

‘तुम्हा सांगलीकरांना उन्हाचं काय एवढं? चाळीस डिग्रीत वाढलेली माणसं तुम्ही!’ हे आमच्या दाजींचं वाक्य. कुटुंबाच्या ग्रुपवर ते अजून तसंच आहे आणि मी ते पुसू देणार नाही. मी पाचगणी सुचवली होती. त्यावर ‘पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसायला कोण जातंय’ असं उत्तर आलं, त्याखाली अंगठे पडले आणि घाट उतरून मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या पार्कची तिकिटं निघालीसुद्धा. पार्कचं नाव घेत नाही. त्या पट्ट्यात अशी पार्कं बरीच आहेत आणि मे महिन्यात सगळीकडं थोडंफार हेच चालत असणार.

दाजींच्या वाक्यात एक चूक आहे आणि ती सांगली, मिरज, कराड, सातारा अशी सगळीकडची माणसं करतात. आमच्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि लगेच वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. घाट उतरलात की हवेत आधीच दमटपणा असतो. घाम सुटतो, कपडे चिंब होतात, पण तो वाळत नाही आणि अंग काही थंड होत नाही. पारा सांगलीपेक्षा तीन-चार अंशांनी कमी दिसतो, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. हवामान खातं उगाच उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागाला ४०, किनारपट्टीला ३७ आणि डोंगराळ भागाला ३० अंश असा वेगवेगळा धरत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, उघड्यावर बसलेल्यांना ऊन लागलं आणि १४ माणसं गेली. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता. हे मी निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं. ‘शुभ बोल गं’ असं उत्तर आलं.

मध्यरात्री सांगली सोडली, पेठ नाक्यावरून हायवेला लागलो, सातारला पोवई नाक्यावर दाजींची मंडळी घेतली. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत पोरं गाणी म्हणत होती. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलवर चहा झाला, बायकांनी रांग लावून तोंडं धुतली. हा फूड मॉल लक्षात ठेवा.

पार्कच्या गेटवर पिशव्या उघडल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बाजूला काढली. बाहेरचं खाणं चालत नाही हा नियम तिकिटावर छापलेला होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मी रात्री जागून कोकमाचं सरबत आणि मीठ-साखरेचं पाणी बाटल्यांत भरलं होतं, ते त्या गार्डनं ‘ज्यूस अलाऊड नाही’ म्हणून काढून ठेवलं. हे ज्यूस नाही, औषध म्हणून आणलंय, बरोबर सत्तरीची बाई आहे, असं मी समजावत होते. तो माझ्याकडं न बघता मागच्या माणसाची पिशवी चाचपत होता. दाजी म्हणाले, ‘जाऊ द्या हो, आत सगळं मिळतं.’ आत सगळं मिळतं हे खरंच. पाण्याची बाटलीही मिळते, बाहेरच्या अडीचपट भावात. (दाजींच्या आईनं सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा दिला होता. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण तेवढे कांदे मात्र गेटातून सुखरूप आत गेले.)

आता मुख्य गोष्ट. अशा पार्कात पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा कॉस्च्युम लागतो. सुती कपडा चालत नाही, साडी तर नाहीच. म्हणजे थंडावा कोणाला, तर कॉस्च्युम घालणाऱ्यांना. माझी आई माहुलीची. संगमावर लहानपणापासून पोहलेली, लुगडं खोचून कृष्णेचं पात्र ओलांडणारी. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तिच्याइतकं कोणाला पोहता येत नाही. तिला गुडघाभर पाण्याच्या कडेलाही उभं राहू दिलं नाही, शिट्टी वाजवून मागं हटवलं. मग काय, सगळ्यांनी आपापले मोबाईल, चष्मे, पाकिटं, चपला तिच्यापुढं ठेवल्या. लॉकरचं भाडं वाचलं म्हणून दाजी खूश. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसली. जाळीतून ऊन गाळून येतं, पण येतंच. शेजारची फरशी इतकी तापलेली की पोरं पंजावर उड्या मारत जात होती.

मी मधून मधून येऊन विचारत होते, ‘आई, पाणी घेतलंस का?’ ती हो म्हणायची. बाटली होतीही जवळ. दुपारी मी अंग पुसत आले, तर तिनं पदर डोक्यावरून काढून मांडीवर नीट घडी घालून ठेवला होता आणि तोंड लाल, कोरडं. माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाली, ‘म्हशीला पाणी दाखवलं का?’

आमच्या घरातली शेवटची म्हैस विकली तेव्हा मी शाळेत होते.

त्या क्षणी मला कळलं की हा थकवा नाही. आजी गंमत करतेय असं वाटून पोरं हसली. मी बाटली उचलली, तर ती जवळजवळ भरलेली होती. ओढणी पाण्यात बुडवून तिच्या मानेभोवती, काखेत, मांड्यांजवळ गुंडाळली, मुलीला पुठ्ठ्यानं वारा घालायला लावलं आणि मुलाला पार्कच्या प्रथमोपचार खोलीकडं पळवलं. तिथून एक पोरगा आला, कॉलेजातला असावा. ‘बीपी लो झालाय’ म्हणाला. बीपी मोजायच्या आधी! मग ग्लुकोजचं पाणी तिच्या ओठाला लावायला लागला. तिची मान धड उभी राहत नव्हती. ठसका लागून पाणी छातीत गेलं असतं म्हणजे? मी त्याचा हात धरला, तर तो माझ्यावरच चिडला. नंतर तापाची गोळी काढली. ऊन लागून चढलेल्या तापाला त्या गोळीचा उपयोग नसतो, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. त्या खोलीत एसी होता, तो कोणी लावला नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर आले. हातात छापील कागद. ‘पेशंटला आधीपासून आजार होता’ असं लिहिलेलं, खाली सहीची जागा. ‘फॉर्मॅलिटी आहे मॅडम.’ आई माझ्या खांद्यावर कलंडलेली, आणि हे पेन पुढं करतायत. मी सही केली नाही. दाजींनी केली. ‘कशाला वाढवताय,’ म्हणाले.

पार्कजवळच्या गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, अंगावर ओली फडकी टाकून पंखे सोडले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लघवी शेवटची कधी झाली?’ आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. संध्याकाळी आई भानावर आल्यावर तिनंच सांगितलं, पहाटे त्या फूड मॉलवर. त्यानंतर गेलीच नाही. जावं लागू नये म्हणून पाणीही प्याली नाही. बाथरूम लांब, तिथं सगळीकडं पाणी साचलेलं, पाय घसरायची भीती, साडीचा घोळ भिजणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिशव्या सोडून जायचं कसं? चार तास ती बाई आमच्या मोबाईलांना सावलीत सरकवत होती आणि स्वतः उन्हात सरकत होती. त्यात तिला बीपीची जी गोळी चालू आहे ती लघवीवाटे पाणी काढणारी. डॉक्टर म्हणाल्या, अजून तासभर उशीर केला असता तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं असतं.

दाजींचं यावर म्हणणं असं की वय झालं की व्हायचंच. असो.

जायचंच असेल त्यांच्यासाठी सांगते. लॉकर घ्या. पैसे वाचवायचे असतील तर वडापाव कमी खा, पण लॉकर घ्या आणि घरातल्या कोणालाही राखणीला बसवू नका. कोणी पाण्यात उतरणारच नसेल, तर त्याला दुपारी बारा ते चार एसी असलेल्या जागेत बसवायचं, पार्कच्या रेस्टॉरंटात एक चहा घेऊन तीन तास बसलं तर बसलं. वेटर बघतील तोंडाकडं, बघू देत. म्हाताऱ्या बाईला ‘पाणी प्यालीस का’ विचारून उपयोग नाही, ती हो म्हणणार. बाटलीतलं पाणी किती उतरलं ते बघा, आणि घरातल्या एका बाईनं दर दीड-दोन तासांनी स्वतः बरोबर जाऊन बाथरूमला नेऊन आणायचं. पुरुषांना हे सुचत नाही, सुचलं तरी बोलवत नाही. बीपी, हृदय, मधुमेह यांच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी मनानं बंद करू नका.

बाटल्या काढून घेतात, पण ओआरएसची कोरडी पाकिटं औषधांच्या डब्यात ठेवली तर सहसा कोणी हात लावत नाही, आत जाऊन पाण्यात मिसळता येतात. पाकिटावर बघा, ते एक लिटरचं आहे की २०० मिलीचं. एक लिटरचं पाकीट लहान बाटलीत ओतून देणारे महाभाग मी पाहिलेत. ते पाणी खारट लागतं म्हणून पोरं थुंकतात. तयार डब्यांतल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. त्यांच्यावर तो शब्द इतकी वर्षं मिरवला गेला की शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाला, ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी करावी लागली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पाण्यात डुंबणाऱ्या पोरांनाही तहान कळत नाही, कारण अंग वरून गार असतं. ओढून बाहेर काढून पाजावं लागतं. तळव्यांना फोड आमच्याकडं दोघांना आले. जुने सुती मोजे ओले करून घातले की फरशीवरून चालता येतं, घसरगुंडीवर जाताना काढायचे. बाकी टोपी, सुती कपडे, उन्हाचं क्रीम दोन-दोन तासांनी, हे सगळे सांगतात, मीही सांगते. उघड्यावरचे पाळणे सकाळी गेट उघडल्याबरोबर आटपून घ्या आणि भर दुपार आतल्या अंधाऱ्या, थंड खेळांसाठी ठेवा. नव्वद टक्के लोक उलटं करतात. ट्रॅव्हल्सवाल्याशी ठरवताना उभ्या गाडीत एसी चालणार की नाही हे आधी बोलून घ्या. आमचा ड्रायव्हर गाडी बंद करून झाडाखाली झोपला होता, त्यामुळं आईला आडवं करायला गाडी असून नसल्यासारखी.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम, इथपर्यंत सावली, पाणी, विश्रांती यांनी भागतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, कातडी तापली की वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि अँब्युलन्स येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका आणि कोणाला घालू देऊ नका, मग समोरचा गणवेशातला असला तरी.

आणि सहीचं. कागद न वाचता सही करू नका, घाबरलेल्या अवस्थेत तर नाहीच, आणि ‘पाहुण्यांनी’ परस्पर करू नये. पाण्याच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर बिल मागा, ते १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवता येतं. मी पुढं जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला त्यांच्या गावी खेटे घालायची गरज नाही, सांगलीतच दाखल होईल. मुदत दोन वर्षांची आहे. दवाखान्याचे कागद, पाण्याचं बिल, गेटवर काढून ठेवलेल्या बाटल्यांचा फोटो, सगळं एका फाईलला लावलंय. तिकीट तेवढं दाजींच्या मोबाईलवर आहे. मागून झालं, ताईकडून निरोप देऊन झालं. ‘बघतो’ म्हणालेत.