गंजलेली गोल शेगडी भंगारात द्यावी का?

प्रश्न : जुन्या सामानात आम्हाला कोळशावर चालणारी, तीन पायांची, झाकणाची गोल शेगडी मिळाली. दोन पावसाळे ती अंगणात भिजली. जाळी गंजून लाल झाली आहे आणि झाकणाच्या आतला काळा रंग पापुद्रे धरून पडतो आहे. दुरुस्त होईल की भंगारात देऊ? – एक वाचक, बालाघाट

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका, निदान तळ तपासेपर्यंत तरी नाही. झाकणातून पडतोय तो रंग नाहीच. वर्षानुवर्षांची चरबी आणि धूर जळून त्यांचा कोळसा झाला आहे. शेगडी कोमट असताना ताठ ब्रशने घासा, पापुद्रे सुटून येतील.

या घाटाची पहिली शेगडी १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी केली. ते वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होते. पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये तिथे बनत. त्यातलाच एक गोळा मधोमध कापून त्यांनी खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं. पुढे तिच्यावर इनॅमलचा मुलामा आला. हा मुलामा म्हणजे पोलादावर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली काच. पोलादात मँगनीज असतं, हे बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. पण त्याने बळकटी येते, गंज अडत नाही. गंज अडवते ती ही काच. म्हणून ती पॉलिश पेपरने घासू नका आणि भोक बुजवायला वेल्डिंगही करू नका. त्या आचेने आजूबाजूचा मुलामा तडकतो.

आता तळ. शेगडीचा खरा घात करते ती आत राहिलेली राख. तिच्यात क्षार असतात, पावसाळी हवेतली ओल ती धरून ठेवते आणि जिथे टवका उडाला असेल तिथून पत्रा खात जाते. सगळी राख काढा. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघा. सुईएवढी भोकं दिसली तर काळजी नको. पाय जिथे बसतात तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. तो दबला, तर मात्र ती वापरू नका, कारण पेटलेल्या निखाऱ्यांसकट कलंडेल.

जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी घासून धुवा आणि लगेच कोरडी करा. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने नीट पुसा. ब्रशची तुटलेली तार जेवणात गेली तर घशात, आतड्यात रुतते. साधी लोखंडी जाळी असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि निखाऱ्यांवर अर्धा तास तापवा. असं दोन-तीनदा करा. हे तेल उष्णतेने घट्ट होऊन लोखंडावर कडक थर धरतं. जाळीवरचा चकचकीत मुलामाच सुटत असेल, तर फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची नवी करून घ्या. स्वस्त पडते म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नका; लाल निखाऱ्यांच्या आचेवर जस्ताचा विषारी धूर निघू शकतो.

खालच्या हवेच्या झडपा अडकल्या असतील तर तेल सोडून हळूहळू हलवत राहा. सगळा खेळ त्यांचाच आहे: खालून हवा येते, झाकणाच्या भोकातून धूर जातो, आणि खालची झडप जितकी उघडाल तितके निखारे फुलतात. शिजवताना वरची झडप कधीच पूर्ण बंद करू नका.

पहिल्यांदा रिकामीच तासभर पेटवा, म्हणजे तेल-धूळ जळून जाईल. नंतर लाकडी कोळसाच वापरा, दगडी नको. हिवाळ्यातली वांगी भरतासाठी हिच्यावर सुरेख भाजतात; झाकण लावून कडेच्या मंद आचेवर रोडगेही जमतील. मात्र शेगडी अंगणातच पेटवा. बंद खोलीत किंवा पडवीत नको, कारण कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.