निळ्या आभाळावर भुलू नकोस

रत्नागिरी,
२० एप्रिल

चि. सायलीस,


तुझी यादी मिळाली. ताईने ती फोनवरून माझ्याकडे धाडली आणि खाली लिहिलं, "तू तिथे राहिलायस, बघ जरा पोरगी काय बेत करतेय ते." बघितली. जूनअखेरपर्यंत दहा शनिवार-रविवार आणि ठिकाणं सोळा. त्यात एक शनिवार असा की सकाळी आर्ल, दुपारी नीम आणि संध्याकाळी आव्हिन्यों. ती ओळ वाचून हसू आलं, कारण जहाजदुरुस्तीच्या कामावर मी मार्सेयला होतो तेव्हा हाच बेत मी तडीस नेला होता. आज त्यातलं काय आठवतं विचारशील, तर तीन फलाटांवरची तीन घड्याळं आणि बाकावर बसून घाईत गिळलेला कोरडा पाव. आर्लचं रोमन अँफिथिएटर मी बाहेरूनच पाहिलं. आत जायला रांग होती आणि गाडीला पंचवीस मिनिटं उरली होती.

तुझ्या यादीवर लाल पेन फिरवायला मी बसलेलो नाही. तू ल्युमिनीच्या विद्यापीठात शिकायला गेली आहेस, मुकादम नेमून फिरायला नव्हे. पण त्या किनाऱ्यावर मी ज्या ठेचा खाल्ल्या त्या तुलाही लागाव्यात असं वाटत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिली गोष्ट आभाळाची. कोकणात वाढलेल्या पोराला समुद्राचे दोन धडे न शिकवताच येतात. एक ढगांचा. पश्चिमेला काळं भरून आलं की होड्या वर ओढायच्या. दुसरा भरती-ओहोटीचा. पाणी कुठवर आलं, कधी फिरणार, हे आपण पायांनी ओळखतो. मार्सेयला हे दोन्ही धडे निकामी. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आणि तिथला सगळ्यात वाईट दिवस लख्ख उन्हात उजाडतो.

तो वारा म्हणजे मिस्त्राल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून खाली उतरतो, थंड आणि कोरडा. येताना ढग हाकलून लावतो, त्यामुळे आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं दिसतं. जोर धरला की ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातो. पहिल्याच महिन्यात अशा एका सुंदर सकाळी मी डबा बांधून जुन्या बंदरावर गेलो. शातो दिफचा किल्ला बघायचा होता. तिकीटखिडकीतल्या बाईने नुसती मान हलवली. मी आभाळाकडे बोट दाखवलं. तिने समुद्राकडे. तेव्हा कुठे धक्क्याबाहेरच्या पांढऱ्या लाटा मला दिसल्या. इतकी वर्षं जहाजावर काढलेला माणूस मी, आणि उन्हाला फसलो.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघ, उन्हाचा बघू नकोस. मिस्त्राल असला की दिफच्या धक्क्याला होडी लागत नाही. आणि वारा पडल्यावर लगेच पोहायला धावू नकोस. तो वरचं कोमट पाणी समुद्रात लांब ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. भर जुलैत मी पाय घातला आणि हिव भरल्यासारखा बाहेर आलो होतो.

दिफला मात्र शांत दिवशी नक्की जा. सोळाव्या शतकात राजा पहिला फ्रान्स्वा याने बांधलेला हा किल्ला पुढे तुरुंग झाला. अलेक्झांद्र द्युमाची 'मॉन्टे क्रिस्टोचा काउंट' ही कादंबरी १८४४ पासून छापून येऊ लागली आणि तिच्यातल्या कैद्याला त्याने इथेच डांबलं. आता त्या काल्पनिक माणसाची खोलीसुद्धा दाखवतात. मला तिथे उभं राहून दुसरीच गोष्ट आठवली. कादंबरीतला कैदी या पाण्यातून सुटतो. आपला खरा कैदी, सावरकर, याच बंदरात ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून उडी मारून पोहत धक्क्याला लागला, आणि फ्रेंच पोलिसाने त्याला परत ब्रिटिशांच्या हाती दिलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आपल्या पुस्तकांत गावाचं नाव 'मार्सेलिस' छापलेलं असायचं. सावरकर पुढे ज्या गावात स्थानबद्ध होते त्या रत्नागिरीत मी वाढलो, तेव्हा ते नाव मला भूगोलाच्या आधी इतिहासातून कळलं. तुझी मतं काय असतील ती असोत, पण धक्क्यावर उभी राहून पाण्याकडे एकदा बघ. पुस्तकातल्या उडीला खोली येते.

दुसरी गोष्ट तुझ्या वसतिगृहाच्या मागच्या डोंगराची. यादीत 'कालांक : एक दिवस' एवढंच लिहिलंयस. कालांक म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरातल्या अरुंद दऱ्या. हिमयुग सरलं, समुद्र वर चढला आणि दऱ्यांची तोंडं बुडाली. समुद्र चढल्याचा पुरावाही तिथेच आहे. ऑन्री कॉस्केर नावाच्या पाणबुड्याला १९८५ साली पाण्याखाली ३७ मीटरवर एका गुहेचं तोंड सापडलं. आत माणसांनी काढलेले घोडे, सील, हातांचे ठसे. काही सत्तावीस हजार वर्षांपूर्वीचे. ती माणसं चालत आत गेली होती! मूळ गुहेत आपल्याला जाता येत नाही. २०२२ पासून बंदराजवळ तिची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. मिस्त्रालचा दिवस तिच्यासाठी राखून ठेव.

ल्युमिनीपासून स्युजितोंच्या कालांकपर्यंत पायी तासाभराची वाट. उतरताना गंमत वाटते, चढताना वाटेत सावली शोधावी लागते. वरून पाणी इतकं हिरवंनिळं दिसतं की बरोबरचं पाणी संपल्याचं लक्षात येत नाही. तिथे झरा नाही, टपरी नाही. माणशी दोन लिटर घेऊन जा. पायांत सपाता नकोत, खडबडीत तळव्याचे बूट घाल. हजारो पावलांनी तो दगड घासून गुळगुळीत झालाय.

त्याच पावलांमुळे पाइनच्या झाडांची मुळं उघडी पडली. म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत स्युजितोंला रोज चारशेच माणसांना सोडतात. नोंदणी फुकट, पण आधी करावी लागते. शिवाय जून ते सप्टेंबर वणव्याचा धोका बघून रोज रंग जाहीर होतो. लाल असेल त्या दिवशी डोंगर बंद. वारा आणि वाळकं गवत एकत्र आलं की एक ठिणगी पुरते. लहानपणी मिरकरवाड्याला बंदरावर बावटा चढलेला दिसला की तांडेल हुज्जत घालत नसे. तूही घालू नकोस. "एवढ्या लांबून आलोय" हे समुद्राला आणि डोंगराला सांगायचं कारण नसतं.

पूर्वेला कासी. लिहिताना शेवटी 'स' लिहितात, पण गावकरी म्हणतात कासी. आजीला फोनवर सांगशील तर ती गंगाजल मागेल. चिमुकलं बंदर आणि डोक्यावर काप कानाय हा ३९४ मीटरचा तांबूस कडा. स्टेशन गावापासून सुमारे तीन किलोमीटर लांब, आणि परतताना रस्ता चढाचा. संध्याकाळची बस चुकून मी तो अंधारात चढलोय. पोचल्या पोचल्या आधी परतीची बस बघायची, मग समुद्र.

त्याच रेल्वेवर पुढे ला सिओता. तुझ्या यादीत ते नाही, ते घाल. ल्युमिएर बंधूंची स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची जगप्रसिद्ध फीत तिथली. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, त्यातही गाडी येण्याची एक फीत होती. त्या खेळानंतर आपल्या सावेदादा भाटवडेकरांनी कॅमेरा मागवला आणि पुढे हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. म्हणजे मराठी माणसाच्या सिनेमावेडाचा एक धागा या गावात अडकलेला आहे. समुद्रासमोर १८८९ साली बांधलेलं एडन चित्रपटगृह अजून चालू आहे. संध्याकाळी म्हातारे लोखंडी गोळे टाकत बसतात तो पेताँक हा खेळही याच गावचा. आपल्या गोट्यांचा थोरला भाऊ. धावायचं नाही, पाय जमिनीला रोवून फेकायचं. तासभर बघत बस, कोणी ना कोणी तुझ्या हाती गोळा देईल.

पश्चिमेला आणखी एक सहल, तिच्याबद्दल मी पक्षपाती आहे. मार्सेयहून किनाऱ्याकिनाऱ्याने मिरामासच्या दिशेला जाणारी छोटी गाडी. १९१५ साली सुरू झालेला हा मार्ग बोगद्यांतून आणि कमानींच्या पुलांवरून जातो. बोगदा संपला की निळं पाणी, पुन्हा अंधार, पुन्हा पाणी. कोकण रेल्वेने बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डावीकडची खिडकी पकड. गाड्या थोड्या, तेव्हा परतीची वेळ तळहातावर लिही. नियोलोंला उतर आणि पाण्यात पाय सोडून बस. येताना लेस्ताकला थांब. सेझान, ब्राक यांनी रंगवलेलं हे गाव. तिथे टपरीवर पानिस मिळतं. हरभऱ्याचं पीठ शिजवायचं, थापायचं, कापून तळायचं. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, ही तर पाटवडी!" फक्त लसूण-मिरचीची फोडणी विसरलेली.

आता आर्ल. जायचं तर शनिवारी जा, बाजार भरतो. आणि पूर्ण दिवस त्यालाच दे. व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये तिथे आला आणि मे १८८९ मध्ये गेला. तेवढ्यात त्याने चित्रं-रेखाटनं मिळून तीनशेच्या आसपास काढली. मिस्त्रालमध्ये चित्राची घोडी उडू नये म्हणून ती खुंट्यांनी जमिनीला बांधायचा. त्याचं पिवळं घर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलं, ते शोधत बसू नकोस. त्यापेक्षा गाडीच्या खिडकीतून शेतं बघ. वारा अडवायला सायप्रसच्या दाट रांगा आणि जुन्या घरांच्या उत्तरेच्या भिंतींना खिडकी नाही. त्या वाऱ्याने घरं कशी बांधायची तेही ठरवलं.

मार्सेयहून एक्स या गावी बसने अर्धा-पाऊण तास. तिथल्या सांत-व्हिक्त्वारच्या डोंगराची उंची १०११ मीटर, पण सेझान तो म्हातारपणापर्यंत पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचा एक डोंगर आयुष्यात पुरा झाला नाही, आणि आपण एका शनिवारात तीन गावं आटोपायला निघतो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं, असं समज.

एक सहल तिकिटाशिवायची. ल्युमिनीच्याच बाजूला माझार्गची युद्धस्मशानभूमी आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजा मार्सेयला उतरल्या. त्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. इथून त्या थेट उत्तरेच्या चिखलात गेल्या. जे या शहरातच गेले त्यांतले अनेक इथे आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं स्मारकावर कोरलेली आहेत. ती पोरं फिरायला आली नव्हती. एखाद्या सकाळी फुलं घेऊन जा आणि चार नावं मोठ्याने वाच. आणि हो, फेब्रुवारी २०२५ पासून भारताचा वाणिज्य दूतावासही मार्सेयला आहे. पत्ता वहीत असू दे, लागू नये अशी इच्छा.

कुठूनही परत आलीस की सेंट-चार्ल्स स्टेशनच्या मोठ्या जिन्यावर जरा थांब. १०४ पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. समोर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्दची सोनेरी मूर्ती उन्हात चमकते. आत खलाशांनी नवसाने टांगलेली छोटी छोटी जहाजं आहेत. "नारळी पौर्णिमेला नारळ सोडणाऱ्यांच्या घरातली मी, तुला लगेच ओळख पटेल," असं त्या मूर्तीला सांगून ठेव. मी परतायचो तेव्हा त्या मूर्तीकडे बघून कळायचं की आज वारा आहे की नाही: हवा अशी स्वच्छ, जणू हात लावता येईल, तर उद्या होडीचा बेत रद्द. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे न विचारता कळू लागलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे गाव थोडंसं आपलं झालं.

इकडे पेट्या भरायला घेतल्यात. तुझ्या वाटणीचा आंबा आम्ही नाइलाजाने खातोय. पुढच्या पत्रात सोळा नावं नकोत. एका ठिकाणी दिवसभर बसलीस आणि वारा कुठून कुठे फिरला, तेवढं लिही.

तुझा,
बापूमामा