गाव सोडताना : एका वेगळ्या स्थलांतराचा अभ्यास

(तृतीय वर्ष कला, भूगोल विभाग)

स्थलांतर हा भूगोलाच्या अभ्यासक्रमातील महत्त्वाचा घटक आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तर तो पुस्तकाबाहेरही रोज दिसतो. दिवाळी जवळ आली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि तांडे ओस पडतात. शिकलेली मुले पुण्या-मुंबईची गाडी धरतात. मुली लग्न होऊन परगावी जातात. भारतातील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच असल्याचे जनगणना सांगते. या तिन्ही प्रकारांविषयी आपण वर्गात शिकतो. मी येथे चौथ्या प्रकाराविषयी लिहिणार आहे, ज्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. समलिंगी तरुणाने गाव सोडायचे ठरविले, तर कोणते शहर निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न माझा स्वतःचा आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परीक्षा आटोपली की मला कुठेतरी जायचे आहे. लेखाखाली माझे नाव नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन.

ज्याला आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व ओढ वाटते तो समलिंगी. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. असे वाटणे 'बरे' करण्याचा दावा करणारे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा त्याविषयी अधिक न लिहिता मूळ विषयाकडे वळतो.

१. गाव का सोडायचे?

रॅव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८८५ साली लंडनमध्ये स्थलांतराचे नियम मांडले, हे आपण शिकलो आहोत. पुढे १९६६ मध्ये एव्हरेट ली याने ढकलणारी कारणे, ओढणारी कारणे, मधले अडथळे आणि व्यक्तिगत कारणे अशी मांडणी केली. ती मी स्वतःला लावून पाहिली.

मला गावात कोणी मारलेले नाही, की घरातून काढलेले नाही. ढकलणारे कारण याहून साधे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती. एवढ्या गावात माणूस एकटा कधीच नसतो. मी कोणाबरोबर चहा प्यालो, हे मी घरी पोहोचण्याआधी घरी पोहोचलेले असते. आजारपणात हीच ओळख आधाराला येते, म्हणून तिला मी वाईट म्हणणार नाही. परंतु थोरल्या भावाचे लग्न उरकले आहे आणि आता मामा माझ्यासाठी स्थळांच्या गोष्टी काढू लागले आहेत. मी होकार दिला तर एका निरपराध मुलीचे आयुष्य खोटेपणात जाईल. नकार दिला तर कारण विचारले जाईल. या दोहोंच्या मध्ये उभे राहायला गावात जागा नाही, हेच माझे ढकलणारे कारण होय.

गावात राहून मानाने जगणारी समलिंगी माणसेही आहेत, हे येथे नोंदविले पाहिजे. शेजारच्या यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये परदेशात स्थायिक झालेल्या एका तरुणाने आपल्या मित्राशी नातेवाइकांसमक्ष विवाहसोहळा केला. त्याची बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. तथापि त्याची भाकरी गावावर अवलंबून नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही.

२. कायद्याने शहर ठरत नाही

प्रथम मला वाटत होते की मोठ्या शहरात कायदा वेगळा असेल. तसे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने समलिंगी संबंध गुन्हा ठरविले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीने असलेले हे संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. हा निकाल मुंबईला जसा लागू आहे तसाच सेनगावलाही. शिवाय देशात कोठेही जाऊन राहण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिले आहे.

जे मिळालेले नाही तेही सर्वत्र सारखेच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. बँकेत जोडीदारासह संयुक्त खाते उघडण्यास व त्याचे नाव नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून नोंदविण्यास हरकत नाही, एवढा खुलासा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. समलिंगी म्हणून खाजगी घरमालकाने खोली नाकारू नये, असे सांगणारा स्वतंत्र कायदा नाही. २०१९ च्या कायद्याने घर भाड्याने घेण्याबाबत भेदभावाविरुद्ध जे संरक्षण दिले, ते तृतीयपंथी व्यक्तींपुरते आहे.

तात्पर्य, शहराशहरांत फरक आहे तो कायद्याचा नव्हे, तर रोजच्या जगण्याचा. तो मोजण्यासाठी मी पुढील कसोट्या ठरविल्या.

३. पाच कसोट्या

पहिली कसोटी भाकरीची. ज्या शहरात माझ्या शिक्षणाला काम मिळेल तेच शहर माझे. ज्याचे जेवण दुसऱ्याच्या हातात आहे त्याला खरे बोलणे परवडत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला संगणकावर नकाशे करण्याचे, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचे शिक्षण घेता येते. त्यातील नोकऱ्या मुख्यतः मोठ्या शहरांतच आहेत.

दुसरी कसोटी खोलीची. येथे मला एक गोष्ट उमगली, ती मला वाटते या अभ्यासातील मुख्य आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी पुण्याला जाऊन आठ दिवस राहिलो. आमच्या तालुक्यातील पाच मुले एका खोलीत राहतात, त्यांच्याकडे उतरलो. त्यांनी मला प्रेमाने ठेवून घेतले, डबा लावून दिला, नोकरीसाठी दोन ठिकाणी नेले. स्थलांतर करणारा माणूस आधी गेलेल्या गाववाल्यांच्या आधाराने जातो, हे पुस्तकातले वाक्य मी तेथे प्रत्यक्ष पाहिले. परंतु तिसऱ्याच दिवशी घरून फोन आला, "काल रात्री उशिरा आलास म्हणे?" एका वर्गमित्राला भेटायला गेलो होतो, एवढेच कारण होते. मी पुण्याला गेलो होतो आणि गाव माझ्या आधी तेथे जाऊन बसले होते.

इतर स्थलांतरितांना गाववाले हा निव्वळ लाभ असतो. माझ्यासारख्याला तो लाभही आहे आणि अडथळाही. म्हणून शहर किती मोठे यापेक्षा तेथे पहिले सहा महिने गाववाल्यांवाचून राहता येईल काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विद्यापीठाचे वसतिगृह, नोकरदारांची कॉट बेसिस खोली, काही महिन्यांचे डिपॉझिट गाठीला असणे, यांपैकी एखादी सोय आधी झाली पाहिजे. खोली घेताना करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. कागद हातात असला म्हणजे उद्या कोणाच्या कुजबुजीवरून सामान रस्त्यावर येण्याची भीती कमी होते.

तिसरी कसोटी माणसांची. २०२१ मध्ये मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींसोबत राहण्यासाठी घर सोडून चेन्नईला गेल्या. पालकांनी हरवल्याची तक्रार दिली, पोलीस चौकशीला आले. चेन्नईतील सामाजिक कार्यकर्त्यांनी त्यांना आसरा दिला आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी हा विषय समजून घेण्यासाठी स्वतः समुपदेशन घेतले आणि जून २०२१ मध्ये त्या मुलींना संरक्षण देणारा आदेश दिला. चेन्नईत ती माणसे नसती तर न्यायालयापर्यंतची वाट त्यांना कोणी दाखविली असती? ज्या शहरात रात्री दहा वाजता फोन करावा असे कोणीतरी आहे, ते शहर राहण्याजोगे. मोबाईलवरून होणाऱ्या ओळखींवर मात्र एकदम विसंबू नये. अशा ओळखीतून बोलावून लुबाडल्याच्या व धमकावल्याच्या बातम्या वरचेवर येतात. पहिली भेट चार माणसांत, दिवसाउजेडी व्हावी.

चौथी कसोटी भाषेची. या विषयावरील बरीच चर्चा इंग्रजीत चालते. मला इंग्रजी वाचता येते, पण मनातले बोलता येते ते मराठीतच. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' (वपुंची त्याच नावाची कादंबरी वेगळी) हाती आली, तेव्हा आपल्या गोष्टीला मराठीत शब्द आहेत हे मला प्रथम कळले.

पाचवी कसोटी अंतराची. गाव इतके जवळ नसावे की दर रविवारी कोणी डोकावेल, आणि इतके दूर नसावे की आई आजारी पडली तर पोहोचायला दोन दिवस लागतील. एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर मला योग्य वाटते.

४. शहरांचा विचार

नांदेड आपल्याला सर्वांत जवळ. विद्यापीठही तेथेच. परंतु निम्मे नातेवाईक तेथे असल्याने दुसऱ्या कसोटीवर ते टिकत नाही.

छत्रपती संभाजीनगर त्याहून मोठे. २०११ साली त्या एका शहराची लोकसंख्या ११,७५,११६ होती आणि आपल्या संपूर्ण हिंगोली जिल्ह्याची ११,७७,३४५. आपला सगळा जिल्हा एका शहरात बसवावा, एवढा हा फरक. विद्यापीठ व वसतिगृह आहे, खर्चही पेलण्याजोगा. रॅव्हनस्टाइन म्हणतो की माणसे टप्प्याटप्प्याने मोठ्या शहराकडे सरकतात. त्या दृष्टीने हा चांगला पहिला टप्पा होय. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या विषयावर काम करीत आली आहे, आणि विदर्भाला लागून असलेल्या आपल्या भागातील मुलांना ते शहर परके नाही.

मुंबईचा इतिहास सर्वांत मोठा. 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक तेथे १९९० मध्ये निघाले, अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. समलिंगी स्त्रियांनी १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा गट उभा केला, तोच पुढे 'लेबिया' झाला. मार्च २०२४ मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढविण्यात आली, त्यामुळे ते शहर एका दिवसाच्या अंतरावर आले. परंतु मुंबईत खोलीचे भाडे व डिपॉझिट हा नवख्यासाठी मोठाच अडथळा आहे, आणि भाडे परवडत नाही म्हणून माणूस पुन्हा गाववाल्यांच्याच खोलीत जातो.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. मराठीतून माहिती व पुस्तके देण्याचे मोठे काम तेथे झाले. ११ डिसेंबर २०११ रोजी तेथे पहिली अभिमान पदयात्रा निघाली. माझ्या विषयाचे शिक्षण आहे, कामही आहे. रात्री हिंगोलीहून बसले की सकाळी पुणे येते.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब अधिक कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलाने नोकरीसाठी जातो म्हटले की घर डबा बांधून देते. मुलीला त्यासाठी आधी भांडावे लागते. त्यांना उच्च शिक्षणाचा प्रवेश आणि मुलींचे वसतिगृह ही वाट बहुधा पहिली मिळते. म्हणून वर्गातील एखादी मुलगी परगावच्या प्रवेशासाठी धडपडत असेल, तर प्राध्यापकांनी तिचा अर्ज अडू देऊ नये, एवढी विनंती.

५. निष्कर्ष

पाचही कसोट्या लावल्यावर मी पुणे निवडले आहे. मात्र दिवाळीत उतरलो होतो त्या खोलीत राहणार नाही. पदव्युत्तर प्रवेश व वसतिगृहासाठी अर्ज करणार आहे. ते न जमल्यास संभाजीनगरचा पहिला टप्पा घेईन. दुसऱ्याचा हिशेब वेगळा येईल. कोणाला नागपूर बरे पडेल, कोणाला हिंगोलीच. कसोट्या लावून पाहाव्यात, ऐकीव गोष्टींवर जाऊ नये, इतकेच मला सांगायचे आहे.

प्राध्यापकांना व मित्रांना एक नम्र सूचना. एखाद्याने विश्वासाने ही गोष्ट सांगितली तर ती त्याच्या घरी कळवू नये, आणि लग्न केले की सारे ठीक होईल असेही सांगू नये. मन फारच खचले असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

प्रत्येक स्थलांतराच्या प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, असाही रॅव्हनस्टाइनचा एक नियम आहे. आपल्या नर्सीचे संत नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, तरी नर्सीने त्यांना आपलेच म्हटले. त्यांच्याशी माझी तुलना नाही. पण गाव सोडणे म्हणजे गाव तोडणे नव्हे, हे त्यांच्यावरून कळते. मीही दिवाळीला येईन.

आता नाव न छापण्याविषयी. मला शरम वाटते म्हणून नव्हे. हा अंक दरवर्षी आमच्या घरी येतो आणि दुपारचे काम आटोपल्यावर आई तो पहिल्या पानापासून वाचते. ही गोष्ट तिला छापील पानावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावी, अशी माझी इच्छा आहे. पुण्याला निघण्यापूर्वी मी तिला सांगणार आहे. हा लेख लिहिताना त्या बोलण्याचीही थोडी तयारी झाली.