जुना डीएसएलआर घ्यायचा तर

कॅमेऱ्यावर गेलेला प्रत्येक रुपया मी दीड वर्ष एका वहीत लिहिला आहे. निकॉन डी-५३००, २०१३ सालचं मॉडेल, वापरलेला, १८-५५ लेन्ससकट १८,५०० रुपये. आज वहीतली बेरीज ४३,५५० आहे. म्हणजे कॅमेऱ्याची किंमत एकूण खर्चाच्या निम्मीही नाही. हौसेने कॅमेरा घेणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून आकड्यांनिशी लिहितो आहे.

जुनाच का घेतला? कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि नव्या लेन्स तिकडेच येऊ लागल्या. अनेक हौशी मंडळी डीएसएलआर विकून तिकडे वळताहेत आणि चांगले कॅमेरे निम्म्या किमतीत बाजारात येताहेत. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची वीस बाय तेरा इंची स्वच्छ प्रिंट निघते. घरातल्या भिंतीला याहून जास्त काय लागतं?

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. तिथे घाई करू नका. आपलं कार्ड घालून एक फोटो काढा. निकॉनचा कॅमेरा शटर किती वेळा उघडलं ते फोटोच्या माहितीतच लिहून ठेवतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ते असं मिळत नाही. डी-५३००चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, माझं चौदा हजारांवर होतं. मग छिद्र एफ-१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या आणि मोठा करून बघा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर बॉडीखालच्या नंबराशी ताडून पाहा.

एवढं करूनही मी एका ठिकाणी फसलो. ५० मिमी एफ-१.८ डी ही लेन्स साडेपाच हजारांत मिळाली. दुकानदार म्हणाला, निकॉनलाच बसते. बसली, पण फोकस होईना. ‘डी’ लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालतात आणि निकॉनच्या डी-३००० व डी-५००० मालिकांत ती मोटरच नाही. फोकस हाताने फिरवावा लागतो. देवळाच्या कोरीव खांबासाठी ते चालेल, अंगणात धावणाऱ्या दोन वर्षांच्या भाचीसाठी नाही. लेन्स चार हजारांना परत गेली, दीड हजारांचा फटका. नंतर ३५ मिमी एफ-१.८ घेतली, वापरलेली, साडेआठ हजारांना. निकॉनच्या या छोट्या बॉडींसाठी लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ ही अक्षरं असलीच पाहिजेत. संध्याकाळच्या दिव्यात, फ्लॅशशिवाय, आईचा चेहरा या लेन्सने जसा टिपला तसा १८-५५ने कधी टिपला नव्हता. पैसे लावायचेच तर ते इथे लावा.

आता पावसाळा. मी चिपळूणचा. पहिल्या पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत, कपाटात, कपड्यांशेजारी ठेवला. गणपतीत बाहेर काढला तेव्हा १८-५५ लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी चढलेली. सफाईचे १,८०० रुपये गेले. बुरशी फार दिवस राहिली की काचेवरचा लेप खाते आणि तो डाग सफाईनेही जात नाही. उपाय स्वस्त आहे: रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, मिळून १,२५०. काटा ४० ते ५०च्या दरम्यान ठेवा. नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवट झाले की मंद आचेवर परतायचे, ते पुन्हा नारिंगी होतात. कढई मात्र वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. तांदळाची पूड लेन्सच्या कडीत शिरते, ते करू नका. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट चांगलंच, पण दोन लेन्ससाठी डबा पुरतो.

बाकीचं थोडक्यात. कार्ड ९००, कंपनीची जादा बॅटरी २,०००, बॅग १,८००. रॉ फाइल एकेक पंचवीस-तीस एमबीची असते, त्यामुळे लॅपटॉप चार महिन्यांत भरला आणि हार्ड डिस्कचे ४,५०० गेले.

पक्ष्यांसाठी मोठी लेन्स विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला गेलो तेव्हा २००-५०० मिमी लेन्स दोन दिवस आणली, २,८०० रुपये आणि ओळखपत्र. सव्वादोन किलोंहून जड. होडीत तासाभरातच खांदा बोलू लागला. वर्षातून दोनदा भिगवणला जाणाऱ्याने ती विकत घेऊ नये, हे तिथेच कळलं.

पुढे कधी मिररलेस घेतलाच तर ३५ मिमी सोबत येईल. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स स्वतः फोकस करतात, ‘डी’ लेन्स करत नाहीत. म्हणून विकायची वेळ आली तरी फक्त बॉडी आणि १८-५५ विकेन, ३५ मिमी घरातच राहील.